वीस टक्क्यांची सवलत आणि नऊ दिवस

फेब्रुवारीत गुलमर्गला जायचे ठरले तेव्हा विमान आणि हॉटेल ही दोन्ही कामे मुलुंडच्या घरी बसून एका संध्याकाळी उरकली. अडलो तो गोंडोलाच्या तिकिटापाशी, आणि तेही माझ्याच लोभापायी.

ही केबल कार दोन टप्प्यांत जाते. गुलमर्ग ते कोंगडोरी हा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि तेथून अफरवतच्या उतारांवर नेणारा दुसरा २००५ मध्ये. तिकिटे टप्प्यागणिक वेगळी असतात आणि स्कीइंग करणाऱ्यांची झुंबड दुसऱ्यासाठी असते. ती सरकारी महामंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात हे ठाऊक असूनही, ‘वीस टक्के सवलत’ अशी पाटी लावलेल्या एका खासगी संकेतस्थळावर मी चौघांचे पैसे यूपीआयने भरून मोकळा झालो.

पाच मिनिटांत एक पीडीएफ आली. तिच्यावर बर्फाचे छायाचित्र, ‘चार प्रवासी, गोंडोला’ एवढा मजकूर आणि एक क्यूआर कोड होता. नावे नव्हती, ओळखपत्राचा उल्लेख नव्हता, टप्पा कोणता हेही नव्हते. आपल्या लोकलच्या पासावरसुद्धा ओळखपत्राचा क्रमांक असतो. कोड स्कॅन केला तर विक्रेत्याचे व्हॉट्सॲप उघडले. तेथे पुढचे नऊ दिवस ‘तिकीट प्रवासाच्या चोवीस तास आधी मिळेल’ हे एकच उत्तर येत राहिले, कधी मला ‘सर’ म्हणून, तर कधी ‘मॅडम’ म्हणून. रात्री दोनला उठून मोबाइल पाहण्याइतका मी अस्वस्थ झालो होतो, आणि घरात ‘बाबांची सवलत’ हा थट्टेचा विषय झाला होता.

चौथ्या दिवशी मी पावती मागितली. तिच्यावर पत्ता श्रीनगरचा होता, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात २७ ने होत होती. हा महाराष्ट्राचा संकेतांक आहे, जम्मू-काश्मीरचा ०१. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही क्रमांक फुकट तपासता येतो. तेथे तो टाकला, तर अशी नोंदच नव्हती. मग यूपीआयचा व्यवहार पुन्हा उघडला, तेव्हा पैसे कंपनीच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या नावावर गेल्याचे दिसले. ते नाव पैसे भरतानाही पडद्यावर आलेच असणार. मी घाईत पुढे गेलो होतो. नवव्या दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक त्याच चॅटवर पाठवला. तोवर सदैव ‘व्यस्त’ असलेल्या माणसाने दुसऱ्याच सकाळी, ‘सुविधा शुल्क’ कापून, पैसे परत केले. तक्रार पहिल्याच दिवशी का केली नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही. आपण फसलो हे स्वतःशी कबूल करायला वेळ लागतो, एवढेच.

एक सांगायचे राहिले. मुलीला स्की शिकायचे होते, आणि पर्यटकाचे एका फेरीचे तिकीट वेगळे व स्कीइंग करणाऱ्याचा पास वेगळा. त्या सवलतीच्या संकेतस्थळावर हा फरक कोठेही नव्हता. मला तो नंतर समजला, म्हणजे पीडीएफ खरी असती तरी ती मुलीच्या उपयोगाची नव्हतीच.

अखेर महामंडळाच्या संकेतस्थळावर पूर्ण दराने नोंदणी केली. नावे आधारवरची जशीच्या तशी टाकली, हे मात्र या वेळी तीनदा तपासले. शनिवारचा दुसरा टप्पा तोवर संपला होता. सोमवारचा मिळाला, आणि त्यासाठी मला रजा वाढवावी लागली.

कापलेले १८० रुपये अजून आलेले नाहीत.