गोष्टींच्या बैठकीची नोंद: झीलकरी नेमून बघितला

गोष्टींच्या बैठका चालवणाऱ्या मंडळींसाठी आमची सांगलीची ही पुढची नोंद. मागची पावसाळ्याआधी लिहिली होती, तेव्हा सांगणारे कुठून आणायचे हीच चिंता होती. ती मिटली. आता तांब्यात सांगणाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या उरतात. सध्या सगळी डोकेफोड ऐकणाऱ्यांवर चालू आहे, त्यातूनच झीलकरी, म्हणजे सांगणाऱ्याला 'हूं', 'मग?' म्हणत साथ देणारा माणूस, नेमून बघितला, आणि खरं काम तिथंच आहे असं माझं मत होत चाललंय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी नियम थोडक्यात. गोष्ट स्वतःवर गुदरलेली आणि खरी पाहिजे. हातात कागद नाही. नाव चिठ्ठीवर लिहून तांब्यात टाकायचं, निघेल त्यानं उठायचं. हा साचा आम्ही 'द मॉथ' या खऱ्या गोष्टी सांगण्याच्या कार्यक्रमाकडून उचललाय. जॉर्ज डॉझ ग्रीन यांनी 1997 मध्ये न्यूयॉर्कला तो सुरू केला. जॉर्जियात रात्री ओसरीवर गोष्टी चालायच्या आणि दिव्याला पतंग यायचे, त्यावरून ते नाव. त्यांच्या स्पर्धेत माणशी साधारण पाच मिनिटं मिळतात. आमच्याकडं पाच मिनिटांत माणूस 'तर झालं असं, पण त्याआधी आमचं घर कुठं ते सांगायला पाहिजे' इथवरच पोचतो. म्हणून आम्ही सात केली. सात झाली की टाळ एकदा वाजतो, आठला दोनदा. तिसऱ्यांदा वाजवायची वेळ फक्त एका निवृत्त गुरुजींवर आली, आणि त्यांनी टाळाच्या ठेक्यावरच गोष्ट संपवली.

कागद न घेता बोलणं आपल्याला जमायचं नाही, असं सुरुवातीला बरेच जण म्हणायचे. त्यांना मी विष्णुदास भावे सांगतो. 1843 मध्ये याच सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' हे नाटक झालं, तेव्हा सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी जुळवून बोलायची. संहिता पाठ करून बोलायची पद्धत नंतरची. एवढं सांगितलं की निदान चिठ्ठी टाकायला तरी हात पुढं होतो.

आता जागेबद्दल. वाचनालयाचा हॉल सोडून आम्ही गावभागातल्या एका वाड्याच्या अंगणात आलो. हॉलमध्ये खुर्च्या ओळीनं होत्या, म्हणजे प्रत्येकाला पुढच्याचं टक्कल दिसायचं. अंगणात सतरंज्या नालाच्या आकारात टाकतो, सांगणारा मोकळ्या बाजूला. ऐकणाऱ्यांना एकमेकांची तोंडं दिसतात, आणि एक हसला की समोरचा हसतो. माइक काढून टाकला. पन्नासेक माणसांत साधा आवाज पुरतो आणि माइक हातात आला की आपल्याकडं भाषणच सुरू होतं, 'व्यासपीठावरील मान्यवर' तोंडात येतंच. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांसाठी भिंतीकडेला चार खुर्च्या आहेत. त्यांवर बसायला आधी कुणी तयार होत नाही, अर्ध्या तासानं रिकाम्या राहत नाहीत.

वेळही बदलली. संध्याकाळी सातला बायका येत नव्हत्या, कारण उघड आहे, स्वयंपाक. रविवारी दुपारी चारला बैठक आणली आणि बायकांच्या चिठ्ठ्या पुरुषांच्या बरोबरीला आल्या. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

या हंगामातली लक्षात ठेवण्यासारखी बैठक 'पाणी' या विषयावरची. सांगलीत हा विषय दिला की महापूर येणार हे ठरलेलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलेलं. इथं माणूस वय सांगताना चुकेल, पण आपल्या दारात पाणी आलं तेव्हा आयर्विनला किती फूट होतं हे चुकणार नाही. पहिले दोघं तिघं आकडेच सांगून बसले. मग शिवणकाम करणाऱ्या एका आजींची चिठ्ठी निघाली.

आजी उभ्या राहिल्या त्या जमिनीकडं बघत. पाणी आलं, मशीन वर नेलं, पाणी गेलं, मशीन खाली आणलं, नमस्कार. सगळं मिळून मिनिटभर. आमचा नियम होता की मधे कुणी बोलायचं नाही. तरी समोर बसलेल्या एका पोरीनं न राहवून विचारलं, "आज्जी, पायाचं मशीन तुम्ही वर कसं नेलं?" आजींनी मान वर केली. "सगळं कुठलं! डोकं तेवढं काढलं आणि लेकरागत काखेत धरून वर नेलं. पाय खालीच राहिले." मग त्यांचा तळहात आडवा झाला आणि जिन्याच्या पायऱ्या हवेत उभ्या राहिल्या. दुपारी तिसरी गेली, दिवे लागणीला पाचवी, आणि दिवे तर नव्हतेच. वर मशीनचं डोकं, एक स्टोव्ह आणि गिऱ्हाइकांच्या ब्लाउजपीसचं गाठोडं. प्रत्येक पीसला मापाची चिठ्ठी टाचलेली. गाठोडं वर नेताना भिजलं आणि चिठ्ठ्यांवरची शाई पसरली. कुणाचं माप कुठलं काही कळेना.

"मग?" आता तिघी चौघींनी एकदम विचारलं.

मग काय, पाणी ओसरल्यावर बायका चिखल काढता काढता आजींकडं यायला लागल्या. एकेकीनं आपला पीस ओळखून नेला. एका खणाच्या पीसवर दोघींनी हात ठेवला आणि दोघीही तो माझा म्हणेनात, 'तुझाच असंल, घे' असं चाललेलं. आजींनी शेवटी तो तसाच ठेवून दिला. अजून कपाटात आहे म्हणाल्या. टाळ वाजवायचं आमच्या वेळ बघणाऱ्याच्या लक्षातच राहिलं नाही.

त्या दिवशी बैठक संपल्यावर आमच्यात वाद झाला. नियम मोडला तरी गोष्ट त्या 'मग'मुळं उघडली, हे कुणाला नाकारता येईना. पोवाडा ऐकलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. शाहिराच्या मागं झीलकरी असतो, तो 'जी जी रं' म्हणतो, आणि त्यावर शाहीर पोवाड्याच्या पुढच्या चौकाला, म्हणजे पुढच्या भागाला उठतो. घरात आजी गोष्ट सांगायची तेव्हाही 'हूं' म्हणायला एक पोर लागायचंच, हूं थांबलं की पोर झोपलं असं समजून गोष्ट थांबायची. आपण ते सगळं सोडून सभेची शिस्त आणली होती.

तेव्हापासून आम्ही झीलकरी नेमतो. प्रत्येक सांगणाऱ्यानं उठण्याआधी समोरच्यातलं एक माणूस निवडायचं. त्या माणसाला तीनच गोष्टींची मुभा: 'हूं', 'मग?' आणि मान हलवणं. बाकीचे गप्प. घाबरणाऱ्यांच्या बाबतीत फरक लगेच दिसला. नजर कुठं ठेवायची हा प्रश्न सुटतो, आणि 'मग' आलं की माणूस सार सांगायचं सोडून प्रसंगात शिरतो. एक झीलकरी मात्र तिसऱ्या 'हूं'नंतर 'आमच्यात पण अस्संच झालं' म्हणून स्वतःचीच गोष्ट सांगायला लागला. त्याला पुन्हा ते काम दिलेलं नाही.

याला पूरक असं संशोधनही आहे. प्रिन्स्टनला यूरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका स्त्रीनं एफएमआरआय, म्हणजे मेंदूतल्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रात पडून स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट सांगितली, तयारी न करता. ती ध्वनिमुद्रित गोष्ट नंतर इतरांनी तशाच यंत्रात ऐकली. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतल्या हालचाली सांगणारीच्या हालचालींशी जुळत गेल्या, बऱ्याच ठिकाणी थोड्या उशिरानं. काही भागांत मात्र ऐकणारे तिच्या पुढं होते, म्हणजे पुढं काय येणार याचा अंदाज घेत होते, आणि हे जितकं जास्त तितकी गोष्ट चांगली समजलेली. न कळणाऱ्या रशियन भाषेतली गोष्ट लावली तेव्हा ही जुळणी राहिली नाही. तिथं ऐकणारा समोर नव्हता, त्यामुळं झीलकऱ्याबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही. पण 'मग?' विचारणारा माणूस एक पाऊल पुढं जाऊन उभा असतो, एवढं मला त्यातून पटतं.

एक अडचण आपल्या जिल्ह्याची खास आहे. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. ते, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनानं गावोगावचे मांडव भरवले. त्या काळातले ऐकणारे आमच्याकडं अजून येतात आणि नवा माणूस उभा राहिला की विनोदाची वाट बघतात. मग तो बिचारा आवाज बदलून, ओढून ताणून गावरान बोलायला लागतो. ती मंडळी लिहिलेली कथा सांगायची, आपण घडलेलं सांगतोय. हे बैठकीच्या सुरुवातीला एकदा स्पष्ट सांगितलेलं बरं पडतं.

विषयांचं म्हणाल तर हाताला लागणारी वस्तू द्या. 'चावी', 'उधारी', 'एसटीची शेवटची गाडी' यांवर झकास गोष्टी आल्या. 'संघर्ष' आणि 'माझी प्रेरणा' दिले की भाषणं येतात, वर शेवटी टाळ्यांसाठी शेरही.

रेकॉर्डिंग पूर्ण बंद केलंय. एका वहिनींनी जावेबद्दलची गोष्ट सांगितली, कुणीतरी ती व्हॉट्सॲपवर टाकली आणि रात्रीच्या जेवणाआधी ती जावेपर्यंत पोचली. वहिनी पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. त्यानंतरच्या बैठकीला आल्या, सोबत जाऊ. जावेनं चिठ्ठी टाकली होती, पण निघाली नाही, आणि त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष तांब्याकडंच होतं. आता दारात एक टोपली ठेवलीय, येणारा फोन बंद करून तिच्यात टाकतो.

पुढची बैठक हरिपूरला, कृष्णा वारणेच्या संगमाजवळ घ्यायचा विचार आहे. विषय 'हळद'. तिथं पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, पेवात उतरलेली माणसं अजून गावात आहेत. त्यांनी बोलावं असं वाटतं. पण ती माणसं चिठ्ठी टाकणारी नाहीत, त्यामुळं आधी दोनदा चहाला जाऊन यावं लागणार.

तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. चिठ्ठी निघाल्यावर 'आज नको, पुढच्या वेळी' म्हणणारे आमच्याकडं बरेच आहेत. त्यांची चिठ्ठी परत तांब्यात टाकायची की बाजूला ठेवायची, यावर आमचं एकमत होत नाही. तुम्ही काय करता?