चौथ्या नोडवरचा नल

सोमवारी सकाळी क्लायंटकडून आलेल्या मेलमध्ये तक्रार एका ओळीची होती: कोट (प्रीमियमचा आकडा) निघतंय, पण कधी कधी निघत नाही. मोटार विम्याचा प्रीमियम काढून देणारं जावामधलं ॲप्लिकेशन. एजंट गाडीची माहिती भरतो, बटण दाबतो, एरर येते. पुन्हा दाबतो, प्रीमियम येतो. प्रॉडक्शन सपोर्टला बसणाऱ्या माणसाला 'कधी कधी' हे शब्द ऐकले की घाम फुटतो, कारण आपण बघायला बसलो की ते हमखास चालतं.

इथे मात्र कोडं निम्मं लवकर सुटलं. रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरच्या मागे चार नोड होते, म्हणजे तेच ॲप चालवणारे चार सर्व्हर. लॉग शेजारी शेजारी लावले तर नलपॉइंटर एक्सेप्शन (जागा रिकामी, म्हणजे 'नल', असताना ती वापरायला गेलं की येणारी एरर) फक्त चौथ्या नोडवर, आणि तिथे झाडून प्रत्येक कॉलला. राउंड रॉबिनमुळे, म्हणजे आळीपाळीच्या वाटपामुळे, दर चौथी रिक्वेस्ट तिथे जाऊन आपटत होती.

स्टॅक ट्रेस (एरर कोडच्या कोणत्या ओळीतून आली त्याचा माग) प्रीमियमच्या हिशेबाकडे बोट दाखवत होता. गाडीची क्युबिक कपॅसिटी आणि झोन घेऊन (पुणे-मुंबईसारखी मोठी शहरं झोन ए मध्ये, बाकी बी मध्ये) मॅपमधून (मेमरीतल्या तक्त्यातून) दर उचलायचा, अशी ती ओळ. सगळे त्या ओळीवर तुटून पडले. कुणी म्हणालं झोन रिकामा येतोय. कुणी म्हणालं, नल चेक टाकून हॉटफिक्स सोडून देऊ. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तसा चेक टाकून पुढे गेलो असतो, तर एरर थांबली असती आणि दर चौथ्या गाडीचा प्रीमियम शून्य निघाला असता. एरर त्यापेक्षा बरी.

तोवर ऑपरेशन्सवाले घाईला आले होते. "रिस्टार्ट मारू का? दोन मिनिटांचं काम आहे." रिस्टार्टने इश्यू जाईल असं मलाही वाटत होतं, आणि म्हणूनच मी थांबा म्हणालो. नोड आधी लोड बॅलन्सरमधून बाहेर काढा, हीप डंप (मेमरीची आहे तशी प्रत) घ्या, मग हवं ते करा. फोनवर थोडी कुरकुर झाली, पण ऐकलं.

डंप उघडून दरपत्रक सांभाळणारं बीन (सर्व्हर स्वतः बनवतो आणि सांभाळतो असा ऑब्जेक्ट) शोधलं. ॲप्लिकेशन स्कोपचं असल्यामुळे त्याचा जिवंत ऑब्जेक्ट एकच. त्याची फील्ड्स बघितली: डेटासोर्स भरलेला, कॉन्फिगरेशन भरलेलं, दरांचा मॅप नल. माझ्या दृष्टीने तपास इथेच संपत आला. कंटेनर (बीन बनवणारा सर्व्हरचा भाग) आधी कन्स्ट्रक्टर चालवून ऑब्जेक्ट बनवतो, मग इंजेक्शन करतो, म्हणजे लागणाऱ्या गोष्टी फील्ड्समध्ये भरतो, आणि शेवटी तयारीसाठी पोस्टकन्स्ट्रक्टची मेथड बोलावतो. इंजेक्ट होणारी फील्ड्स जागेवर होती, म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या पार पडल्या होत्या. मॅप तिसऱ्या पायरीला डेटाबेसमधून भरायचा होता, तिथेच काहीतरी फुटलं होतं. पण पोस्टकन्स्ट्रक्टमधून एक्सेप्शन बाहेर पडली तर कंटेनर तो ऑब्जेक्ट टाकून देतो, वापरायला देत नाही. मग हा अर्धामुर्धा ऑब्जेक्ट सकाळपासून ऐटीत बसला कसा?

रविवारी पहाटेचे लॉग काढले. त्या रात्री सर्व्हरचं पॅचिंग होतं. चौथा नोड सर्वांत आधी उठला, तेव्हा डेटाबेस अजून वर यायचा होता. ॲप जेपीए (डेटाबेसशी बोलणारी जावाची सोय) वापरत नसल्यामुळे डेटाबेसशिवायही डिप्लॉय झालं. असं बीन पहिला कॉल आला की जन्माला येतं, आणि तो पहिला कॉल केला मॉनिटरिंगने. मॉनिटरिंग त्या बीनची व्हर्जन सांगणारी मेथड बोलावत असे. ती मॅपला हातही लावत नाही, त्यामुळे बोर्डावर रात्रभर हिरवा दिवा. बाकीचे तीन नोड डेटाबेस उठल्यावर रिस्टार्ट झाले, ते ठणठणीत.

आणि त्याच मिनिटाला लॉगमध्ये एक वॉर्निंग होती: 'इनिट फेल्ड: टॅरिफ लोड एरर'. ना क्लासचं नाव, ना स्टॅक ट्रेस, ना मूळ कारण. अलर्ट फक्त एरर लेव्हलवर लावलेले, त्यामुळे वॉर्निंगसाठी कुणाचा फोन वाजला नाही.

ती ओळ लिहिणारा होता आमचा लॉगिंग इंटरसेप्टर, म्हणजे बीनच्या कॉलच्या मध्ये उभा राहून नोंद करणारा कोड. एका क्लासमध्ये दोन मेथड. वरची अराउंडइन्व्होकची, बिझनेस मेथडच्या कॉलसाठी. ती एक्सेप्शन लॉग करून परत फेकत होती. खालची पोस्टकन्स्ट्रक्टची, ती नुसता मेसेज लॉग करून गप्प बसत होती. वरची वाचली की खालचीही तशीच असेल असं समजून रिव्ह्यू करणारा पुढे जातो. बिझनेस मेथडवरचा अराउंडइन्व्होक इनिशियलायझेशनच्या वेळी चालतच नाही, त्यामुळे वरची मेथड कितीही शहाणी असली तरी उपयोग नव्हता. खालच्या कॅचने एक्सेप्शन गिळली, कंटेनरला वाटलं सगळं सुरळीत झालं, आणि त्याने तो ऑब्जेक्ट स्कोपमध्ये ठेवून दिला. आता रिस्टार्टपर्यंत तोच.

असा कॅच का लिहिला जातो याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. इंटरसेप्टर मूळ मेथडला पुढे सोडतो तो 'प्रोसीड' कॉल; त्याच्या व्याख्येतच 'थ्रोज एक्सेप्शन' आहे, म्हणजे तो कुठलीही एक्सेप्शन फेकू शकतो. दुसरीकडे पोस्टकन्स्ट्रक्टच्या इंटरसेप्टरने चेक्ड एक्सेप्शन (पकडावी किंवा जाहीर करावीच लागते अशी) बाहेर सोडू नये असा स्पेसिफिकेशनचा नियम. मग ट्राय-कॅच घालावाच लागतो. रनटाइम एक्सेप्शनमध्ये गुंडाळून, मूळ कारण सोबत ठेवून परत फेकायची, ही पुढची ओळ तेवढी राहून जाते.

इथे मात्र ती राहून गेलेली नव्हती. गिटचा इतिहास उघडला तर कमिट मेसेज होता, 'सर्व्हर स्टार्टअप फिक्स'. ती ओळ आधी होती, मुद्दाम काढली होती. का, ते टेस्ट सर्व्हरवर परत घातल्यावर कळलं. दरपत्रकाचं बीन छान वागलं: डेटाबेस बंद असताना कॉल फेल, ऑब्जेक्ट स्कोपमध्ये गेलाच नाही, आणि डेटाबेस चालू केल्यावर पुढच्या कॉलला नवा ऑब्जेक्ट पूर्ण भरून तयार. पण त्याच इंटरसेप्टरखाली एसएमएस गेटवेचं एक स्टार्टअप सिंगलटन (ॲप सुरू होतानाच बनणारं एकुलतं बीन) होतं. गेटवे बंद असला की त्याचा पोस्टकन्स्ट्रक्ट फुटायचा, आणि आमच्या सर्व्हरवर त्यासोबत अख्खं डिप्लॉयमेंट कोसळायचं.

ऑपरेशन्सवाल्यांनी इथे पाय रोवले. "एसएमएस जात नाही म्हणून विमा विकायचा नाही का?" मुद्दा बिनतोड होता. पण त्यावरचा इलाज चुकीच्या जागी केला होता: एका हट्टी बीनसाठी सगळ्याच बीन्सची तोंडं बंद केली होती. आम्ही गेटवेचं कनेक्शन पोस्टकन्स्ट्रक्टमधून काढून पहिला एसएमएस पाठवायच्या वेळेवर नेलं, आणि इंटरसेप्टरला परत फेकायला लावलं.

मधल्या काळात टीममधल्या एका मुलाने उत्साहाने अराउंडकन्स्ट्रक्टही (कन्स्ट्रक्टरच्या भोवती चालणारी इंटरसेप्टरची मेथड) जोडून बघितला. जावा ईई ७ (सर्व्हरवरच्या ॲप्ससाठीचं जावाचं स्पेसिफिकेशन) पासून, म्हणजे 2013 पासून ही सोय आहे. कन्स्ट्रक्टरमध्येच फुटलेली एक्सेप्शनही त्यात पकडता येते. त्याने कॅचमध्ये 'गेटटार्गेट'वरून (ज्या ऑब्जेक्टवर काम चाललंय तो देणारी मेथड) क्लासचं नाव काढून लॉग करायला घेतलं आणि लॉगमध्ये पुन्हा नलपॉइंटर. प्रोसीड यशस्वी होऊन परत येईपर्यंत टार्गेट नलच असतं. ऑब्जेक्ट बनलेलाच नाही तर देणार कुठून? कॅचमधली नवी एक्सेप्शन बाहेर पडली आणि खरं कारण तिच्याखाली गाडलं गेलं. "अरे, मी तर लॉग करायला लिहिलं होतं!" हे त्याने इतक्या दुखावलेल्या आवाजात म्हटलं की शेजारच्या टीममधले वळून बघायला लागले. 'गेटकन्स्ट्रक्टर'वरून क्लास विचारल्यावर ते मिटलं.

मॉनिटरिंगचा व्हर्जनवाला कॉलही बदलला. आता रेडीनेस चेक (नोड कामाला तयार आहे का याची तपासणी) दरपत्रकातला एक दर खरोखर मागून बघतो, आणि मिळाला नाही तर लोड बॅलन्सर त्या नोडला रिक्वेस्ट देत नाही. पुढच्या पॅचिंगला एक नोड असाच डेटाबेसच्या आधी उठला. लॉगमध्ये एसक्यूएल एक्सेप्शनपर्यंतची अख्खी साखळी एरर लेव्हलवर आली, ऑन-कॉल माणसाचा फोन वाजला, आणि तो लॅपटॉप उघडेपर्यंत नोड आपोआप रांगेत येऊन बसला होता. झोपमोड केल्याबद्दल त्याने मला मेसेज टाकला, तो इथे छापण्याजोगा नाही.

तोच इंटरसेप्टर कॉपी-पेस्ट होऊन इतर मॉड्यूल्समध्येही गेलेला सापडला. क्लेम्सवाल्यांनी लगेच बदलला. बिलिंगवाल्यांचं तिकीट अजून उघडं आहे. त्यांचं म्हणणं, आमच्या पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये डेटाबेस येतच नाही, फक्त एक फाइल वाचतो.