प्रथिनाले रंग कुठून येते?

"अमिनो आम्लं तर पांढरी पावडर. मंग प्रथिनाले रंग कुठून येते?" मामेसासऱ्यांनी हे बर्डीवर लग्नाच्या खरेदीत विचारलं, पोरं दर बॅचला विचारतात. वर कोणीतरी म्हणतंच, नागपूरची आहेस तर संत्र्यावरून समजाव ना! संत्र्याचा रंग कॅरोटिनॉइडांचा असतो हो, प्रथिनाचा नाही. ते उदाहरण सोडा आता.

सगळेच विचारतात म्हणून सांगते. एका जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनात 238 अमिनो आम्लं आहेत. त्यातली 65, 66 आणि 67 क्रमांकाची तीन, सेरीन-टायरोसीन-ग्लायसीन, वळून एकमेकांत गुंततात, कडं तयार होतं आणि रंग तिथून येतो. 66 वर टायरोसीनऐवजी हिस्टिडीन ठेवलं की निळा, ट्रिप्टोफॅन ठेवलं की आकाशी. एम.एस्सी.ला मी छाती काढून म्हणायचे, "अमिनो आम्लांचा क्रम द्या, रंग सांगते."

मग 203 क्रमांकाच्या जागेची गोष्ट वाचली. तिथे टायरोसीन आणलं की रंग पिवळ्याकडे सरकतो. 66 पासून 137 जागा लांब! पण साखळीची घडी पडली की ते त्या कड्याला अगदी खेटून बसतं. म्हणजे क्रम वाचून भागत नाही, घडी कळावी लागते. हे मी तेव्हा मान्य केलं, पण वरवर.

खरी फजिती पुढे झाली. ज्युनिअरने 65 वर सेरीनच्या जागी थ्रिओनीन घातलं होतं. त्याने प्रथिन जास्त चमकतं. ते प्रथिन बनवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर मी वाढवलं. कमी नळ्यांत भागावं म्हणून काठोकाठ भरलं, शेकरमध्ये सांडू नये म्हणून झाकणं गच्च आवळली. निळ्या दिव्याखाली धरलं तर काहीच नाही, मळकट पाणी. सेमिनारला मी सरळ सांगितलं की क्लोनिंग, म्हणजे जिवाणूत जनुक घालणं, चुकलंय, क्रम तपासा. पोरगा खाली मान घालून बसला. मे महिना, कूलरचा घरघराट, तरी ती शांतता मला ऐकू आली.

क्रमाचा रिपोर्ट आला. अक्षर न् अक्षर बरोबर.

त्याने उरलेलं कल्चर रुंद फ्लास्कमध्ये ओतून रात्रभर हलवत ठेवलं होतं. सकाळी म्हणाला, "ताई, हे बघा ना." लख्ख हिरवं. कडं पुरं व्हायची एक पायरी ऑक्सिजनशिवाय होतच नाही, आणि हवेला मीच बूच मारलं होतं.

आता माझंच माझ्याशी भांडण चालतं. रंग क्रमच ठरवतो ना? हो. मग हवा? हवा लागेल हेही क्रमानेच ठरवलंय की! असं म्हटलं की मी जिंकते, आणि मामेसासऱ्यांना काहीच कळत नाही.

त्या पोराला सॉरी म्हटलं मी, पण चहाच्या टपरीवर. चूक काढली होती ती पंचवीस जणांसमोर.