जळालेलं विमान सोपं, शेजारचं अवघड

गोळीबार थांबल्यावर विमानतळाच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, विमा सर्व्हेअर म्हणून गेलो, तेव्हा जळालेल्या विमानाबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. पंखांची टोकं, शेपूट, इंजिनं आणि लँडिंग गिअर शिल्लक होतं. मधल्या धडाचा अॅल्युमिनियम वितळून जमिनीवर थिजला होता. पेटतं इंधन भिडलं की धडाचा पत्रा मिनिटभरात जळून आरपार होतो. पूर्ण नुकसान, पॉलिसीत ठरलेली रक्कम, विषय संपला.

वाद शेजारी उभ्या असलेल्या विमानाचा होता. दुरून बघितलं तर धुऊन उडवावं असं ते दिसत होतं.

बॉम्बशोधक पथकाने जागा मोकळी झाल्याचं लेखी दिल्याशिवाय आम्ही पाऊल टाकत नाही. मग टायर. आत साधारण २०० पीएसआय दाबाचा नायट्रोजन असतो आणि तापलेल्या चाकाची रिम फुटली तर तुकडे बाजूला उडतात, म्हणून चाकाकडे समोरून किंवा मागून जायचं. ऑक्सिजनचे आणि आपत्कालीन स्लाइडचे सिलिंडर तसेच धोक्याचे. कार्बन फायबर जळालेलं असेल तर त्याची धूळ फुफ्फुसात जाते. पाण्यात फ्लोअर वॅक्स मिसळून फवारलं की ती बसते. हे काम कंटाळवाणं असतं, म्हणूनच लोक ते टाळतात.

मग पत्र्यातली भोकं. साध्या हल पॉलिसीतून, म्हणजे खुद्द विमानाच्या नुकसानीच्या विम्यातून, एव्हीएन ४८बी हे कलम युद्धाचं नुकसान वगळतं आणि ते वेगळ्या वॉर पॉलिसीत जातं. त्यामुळे पैसे कुणी द्यायचे हे भोकांवर ठरतं. पत्र्याची कड आत वळली असेल तर तुकडा बाहेरून आला. कडेवर काजळी असेल तर भोक आगीच्या आधीचं, धातू चकचकीत असेल तर नंतरचं. आमच्याकडे उजव्या पंखाखाली दोन्ही प्रकार होते, म्हणजे आग लागल्यावरही मारा चालूच होता. आत अडकलेला प्रत्येक तुकडा जागेचा फोटो काढून पिशवीत भरला.

सगळ्यात फसवी उष्णता. वरचा रंग शाबूत दिसतो. पॅनेल उघडून आतला झिंक क्रोमेट प्रायमर, म्हणजे गंजरोधक अस्तर, बघावा लागतो. साधारण २३० अंश सेल्सिअसला तो फिकट तपकिरी होतो, २६० ला तपकिरी, ३७० च्या आसपास काळा. इथे पंखाच्या वरच्या पत्र्याखाली तो तपकिरी निघाला. ७०७५-टी६ या अॅल्युमिनियम मिश्रधातूची एडी करंट उपकरणाने मोजलेली वीजवाहकता साधारण ३३ टक्के आयएसीएस, म्हणजे प्रमाणित तांब्याच्या ३३ टक्के, असते. तापून मऊ पडलेल्या पत्र्याची वाढते. जळक्या विमानाकडच्या पंखावर आम्हाला ४० मिळाले. तो पत्रा वाकत नाही, तडकत नाही, फक्त ताकद गमावून बसतो. याच्यापुढे दुरुस्तीचा हिशोब जुळत नाही.

सुटे भाग तरी वाचतील असं मालकाला वाटत होतं. युक्रेनमधल्या होस्टोमेलला २०२२ मध्ये अँटोनोव्ह एएन-२२५ या महाकाय मालवाहू विमानाचा पुढचा भाग उद्ध्वस्त झाला, शेपूट मात्र उभी राहिली; अशी दृश्यं बघून ही आशा वाढते. पण आयुष्य मर्यादित असलेल्या भागाला जन्मापासूनची नोंद लागते आणि आग-अपघाताशी संबंध नसल्याचं पत्रही लागतं. इथे काही नोंदी जळालेल्या कार्यालयात होत्या. ज्यांची कागदपत्रं पूर्ण, असे डाव्या बाजूचे मोजके भाग निघाले.

बाकीचे कापून, भोकं पाडून, अनुक्रमांक खरवडून निकामी करून घेतले. नुसता ‘स्क्रॅप’ टॅग लावला तर टॅग गळतो आणि भाग बाजारात परत येतो.