यादीत नसलेलं कोल्हापूर

भाचा आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. शहराचं नियोजन आणि कारभार असा विषय त्याला मिळाला, तेव्हा त्याने आधी आमचं सोलापूरच धरलं होतं. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं. त्यासाठी वेगळी कंपनी निघाली, निम्मं भागभांडवल राज्याचं, निम्मं महापालिकेचं. काही रस्ते चकाचक झाले, स्टेडियम नटलं. ३१ मार्च २०२५ ला मिशन गुंडाळलं गेलं, आणि नळाला रोज पाणी येण्याची वाट आम्ही अजून बघतोय. मी म्हटलं, जे शहर स्मार्ट सिटीच्या त्या शंभर शहरांत कधीच नव्हतं ते बघ. "मग तिथं बघायचं काय, मामा?" असं विचारत का होईना, फेब्रुवारीत तो माझ्याबरोबर कोल्हापूरच्या एसटीत बसला.

सांगोला-मिरज मार्गे गाडी थेट मध्यवर्ती बसस्थानकात सोडते. रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर आणि लॉज तिथेच पसरलेले, त्यामुळे मुक्कामाची चिंता नाही. फक्त मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र टाळा. अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, आणि महाद्वार रोडला चालायलाही जागा उरत नाही.

सुरुवात शाहूपुरीतून करा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली ही व्यापारी पेठ. गुळाच्या व्यापारासाठी आखलेले सरळ रस्ते, गल्ल्यांना नंबर. राजारामपुरीतही तसंच, पत्ता सांगताना लोक गल्लीचा नंबर सांगून मोकळे होतात. तिथून चालत मंगळवार पेठेकडे गेलात की रस्ता वळणं घ्यायला लागतो. भाच्याने इथे जुना नकाशा मोबाईलवर काढला आणि गांधी मैदानाच्या कडेला थबकला. हे मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ तळं. कपिलतीर्थची भाजी मंडईही तळ्यावरच उभी. मोठ्या पावसात गांधी मैदानात पाणी साठतं तेव्हा लोक गटारांना दोष देतात. पाणी बिचारं आपल्या जुन्या घरी येतं.

जवळच 'पाण्याचा खजिना' आहे, तो चुकवू नका. कळंबा तलावाचं पाणी उताराने इथपर्यंत यायचं आणि इथून पेठांत वाटलं जायचं. पंप नाही, वीज नाही. भाच्याच्या वहीतली पहिली चांगली आकृती इथली आहे.

आताचं पाणी बघायचं तर पुईखडीचं जलशुद्धीकरण केंद्र. काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटर 'थेट पाईपलाईन' टाकून पाणी इथवर आणलंय. योजनेचा खर्च ४८८ कोटींच्या घरात सांगितला गेला. दिवाळीची आंघोळ थेट पाईपलाईनच्या पाण्याने, हे आश्वासन कोल्हापूरने किती दिवाळ्या ऐकलं असेल कोण जाणे. पाणी आलं ते नोव्हेंबर २०२३ च्या दिवाळीला. त्याआधी सगळी मदार पंचगंगा-भोगावतीच्या उपशावर होती, आणि पंचगंगेच्या प्रदूषणाबद्दल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. आत सोडायला परवानगी लागते, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात आधी पत्र द्या. कॉलेजचं पत्र असेल तर काम सोपं होतं. आत गेल्यावर यंत्रांचे फोटो काढत बसण्यापेक्षा एकच विचारा : पंप बंद पडला तर शहराला किती वेळ पुरेल एवढं पाणी साठ्यात असतं?

माझ्या मते खरं बघण्यासारखं ठिकाण मात्र कसबा बावड्याचा, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. केएमटीने, म्हणजे महापालिकेच्या बसने, बावड्यात उतरा, रिक्षाने बंधाऱ्यापर्यंत जा. फेब्रुवारीत पाणी पार तळाला होतं, बंधाऱ्यावरून पलीकडच्या वडणगे गावाकडे दुचाक्या चालल्या होत्या. कडेला एक गृहस्थ म्हशी धूत होते.

"पावणं, कुठनं आलासा?"

सोलापूरहून, पुराची पातळी कुठे मोजतात ते बघायला आलो, असं सांगितलं. ते हसले. "मग पावसाळ्यात या की. आत्ता काय दिसणार?"

भाच्याने विचारलं, "काका, एकोणचाळीस फुटाला तुम्ही काय करता?"

"जनावरं हलवायची. त्रेचाळीसला आपण हलायचं."

३९ फूट ही इशारा पातळी, ४३ ही धोका पातळी. हे दोन आकडे इथे शाळेतल्या पोरालाही पाठ. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्याही. ज्या शहरात नागरिकाला आकडा माहीत आहे आणि आकड्यावर काय करायचं तेही माहीत आहे, तिथे निम्मी यंत्रणा आधीच उभी असते. उरलेली निम्मी म्हणजे पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कुणी दिली, हा प्रश्न. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं होतं. निळी (पंचवीस वर्षांत एखाद्या पुराची) आणि लाल (शंभर वर्षांत एखाद्या पुराची) पूररेषा दाखवणारा नकाशा आधी बघून घ्या आणि मग नदीकडचे भाग फिरा. डोळे उघडतात. वेळ असेल तर राधानगरीलाही जा. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबावर आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक. तिथेही वीज लागत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर निघण्याआधी रोजची पातळी बघा. पाणी फार चढलं की शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद होतो, २०१९ मध्ये तो कित्येक दिवस बंद होता.

आता हद्दवाढ, म्हणजे आजूबाजूची गावं महापालिकेत घेणं. या विषयावर कोल्हापुरात कुणालाही बोलतं करता येतं, चहा संपेपर्यंत दोन्ही बाजू ऐकायला मिळतात. १९७२ मध्ये महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द एकदाही वाढलेली नाही. क्षेत्रफळ तेच ६६.८२ चौरस किलोमीटर. शहर मात्र पाचगाव, कळंबा, उचगावात कधीच पोहोचलंय. आम्ही आर. के. नगरच्या बाजूला गेलो. सलग घरं, एकसारखे बंगले, मध्ये कुठेतरी महापालिका संपते आणि ग्रामपंचायत सुरू होते. भाच्याला ती रेघ सापडेना. टपरीवाल्याला विचारलं, शहरात यायचंय का? "घरफाळा वाढवायच्या आधी पाणी द्या म्हणावं. मग बघू." गावांना वाढीव घरफाळ्याची, म्हणजे घरपट्टीची, आणि शेतजमिनींवर रस्ते-बागांसाठी पडणाऱ्या आरक्षणाची धास्ती. शहराचं म्हणणं, लोकसंख्या आणि जागा नसेल तर निधी कसा मिळणार? दोघांचंही खोटं नाही. २०१७ मध्ये ४२ गावांचं विकास प्राधिकरण काढून मधला मार्ग शोधला गेला. मला तो मार्ग कमी आणि प्रश्न पुढे ढकलणं जास्त वाटतं.

रस्त्यांवरून फिरताना टोलचा विषय काढाच. खासगीकरणातून सुमारे ४९ किलोमीटर रस्ते झाले, २०१३ मध्ये टोल सुरू झाला आणि एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी डाव्या चळवळीतली माणसं पुढे होऊन अख्खं शहर रस्त्यावर उतरलं. २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. योगायोग असा, की स्मार्ट सिटी मिशन त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर झालं होतं. आमच्या सोलापुरात कंपनीच्या संचालक मंडळात काय ठरलं हे वर्तमानपत्रात वाचून कळायचं. इथे करारातली कलमं लोक चौकात वाचत होते.

तरी भाबडेपणा नको. नोव्हेंबर २०२० मध्ये इथल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. ८१ नगरसेवक निवडायला जानेवारी २०२६ उजाडावा लागला. आमच्याकडेही तीच रड. त्यामुळे या काळातला कुठलाही निर्णय बघताना तारीख आधी बघा, कुणाच्या सहीने झाला ते लगेच कळतं.

खाण्याचं लांबण लावत नाही. सकाळी मिसळ, रात्री तांबडा-पांढरा रस्सा. पण पहाटे गंगावेशीतला दूध कट्टा गाठा, तिथे म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात. रस्त्यावर म्हशी आणि कडेला गाड्या, शहराच्या कुठल्याही आराखड्यात न बसणारी गोष्ट रोज सुरळीत चालते. भाच्याने दोन ग्लास घेतले.

शेवटचं आणि कामाचं. दौऱ्यात सोमवार येईल असं बघा. माहिती अधिकाराखाली दर सोमवारी दुपारी ३ ते ५ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत नागरिकांना अभिलेख बघता यावेत, असं राज्य सरकारचं २०१८ चं परिपत्रक आहे. त्याची प्रत सोबत ठेवा, कारण टेबलामागच्या सगळ्यांना ते माहीत असतंच असं नाही. महापालिकेची मुख्य इमारत सीपीआर या सरकारी दवाखान्याजवळ आहे. विभागीय कार्यालयं चार : गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. कुठली फाईल कुठे आहे ते आधी फोनवर विचारा, नाहीतर दोन तास जिने चढण्यात जातात. कामाचा करार, त्याचा नकाशा आणि देखभालीची तरतूद दाखवणारं अंदाजपत्रकाचं पान, एवढं मागा. झेरॉक्ससाठी सुटे पैसे ठेवा.