टोल्किनची अंगठी आणि बिल्बोची थाप

टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीतली जादूची अंगठी म्हटलं की लोक लगेच म्हणतात, जवळ बाळगली की माणूस बिघडतो. बिघडतो खरा, पण सगळे सारखे बिघडत नाहीत ना, आणि मला सगळी मजा तिथेच वाटते.

स्मीगॉलचं बघा, ज्याला पुढे गॉलम म्हणतात तो. दोघं दोस्त मासे धरायला गेलेले, डीगॉलला नदीच्या तळाशी ती सापडते, स्मीगॉल म्हणतो आज माझा वाढदिवस आहे, मला दे. तो म्हणतो तुला गिफ्ट देऊन झालंय की. झालं, गळा दाबून मोकळा. अजून बोटात घातलेलीसुद्धा नाही हां! योद्धा बोरोमिरने तर कधीच घातली नाही, तरी त्याचं डोकं फिरलंच.

आणि बिल्बो, हॉबिट नावाच्या छोट्या लोकांपैकी एक? त्याला ती अंधाऱ्या बोगद्यात चाचपडताना मिळते, मग अदृश्य होऊन गॉलमला मारायची आयती संधी येते, तलवारही हातात, पण त्याला त्या जिवाची कीव येते आणि तो वरून उडी मारून पळतो. जादूगार गॅन्डाल्फ नंतर बिल्बोच्या वारसाला, फ्रोडोला, हेच सांगतो, की सुरुवात दयेने झाली म्हणून बिल्बो फारसा नासला नाही. साठेक वर्षांनी स्वतःहून सोडली त्याने. अगदी हसत वगैरे नाही, गॅन्डाल्फवर चिडला, भांडला, शेवटी अंगठीचं पाकीट ठेवायला गेला तर हात झटकन मागे आला आणि ते खाली पडलं.

आता खरी गंमत. १९३७ च्या 'द हॉबिट' या आधीच्या पुस्तकात बिल्बोशी लावलेली कोड्यांची पैज हरल्यावर गॉलम अंगठी चक्क बक्षीस द्यायला निघतो, सापडत नाही म्हणून माफी मागतो! पुढची कथा लिहिताना हे बसेना, एवढी चिकट वस्तू कोण देईल, म्हणून १९५१ च्या आवृत्तीत टोल्किनने ते प्रकरण बदललं आणि जुनी हकिगत म्हणजे बिल्बोने मारलेली थाप असं ठरवून टाकलं. काय डोकं आहे! म्हणजे आपल्या सरळमार्गी बिल्बोलाही ती पहिल्यापासून लागलीच होती, फक्त तिथे खुनाऐवजी थापेवर भागलं.

फ्रोडोचा सोबती सॅम माळी, तर त्याला ती अंगठी बनवणाऱ्या दुष्ट सॉरनच्या सगळ्या मॉर्डोर मुलखाची बाग करून दाखवते, पण त्याला आपला छोटासा तुकडा पुरे असतो. खाणीत राबणाऱ्या बुटक्या ड्वार्फ लोकांना सॉरनने सात वेगळ्या अंगठ्या दिल्या तर ते ताब्यातच येईनात, नुसती सोन्याची हाव वाढली. आणि रानात राहणारा टॉम बॉम्बाडिल ती मूळ अंगठी बोटात घालून अदृश्यसुद्धा होत नाही, वर उडवून गायब करतो आणि हसत परत देतो. २००१ च्या सिनेमात त्याला गाळलं, ते मला अजून पटलेलं नाही.

आपल्याकडे स्यमंतक मण्याचं असंच की. सत्राजिताला रोज सोनं, प्रसेन तो घालून शिकारीला गेला तर सिंहाने मारला, आणि जांबवंताने सिंहाला मारून तो आपल्या पोराला खेळायला देऊन टाकला.