सेमीफायनल संक्रांतीनंतर, आधी कापूस

नागपुरात कोणाला सांगितलं की आमच्याकडे गावागावात फुटबॉलची लीग चालते, तर पहिला प्रश्न ठरलेला, "गावात फुटबॉल? क्रिकेट नाई का खेळत पोट्टे?" खेळतात ना. टेनिस बॉलचे सामने तर सुरूच असतात, कबड्डीचे खुले सामने म्हणाल तर ते विदर्भात कुठं होत नाहीत ते सांगा. पण फुटबॉलही आहे. काटोल-कळमेश्वर पट्ट्यातली आम्ही आठ-नऊ गावं मिळून चालवतो, एका बाजूला सात-सात खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, ऑफसाईड नाही (ठेवला असता तर पहिल्याच वर्षी डोकी फुटली असती). लीगला नाव-बिव काही नाही, फक्त एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्याचं नाव इथं लिहिण्यासारखं नाही.

मी नोकरीला नागपुरात, शनिवार-रविवार गावी. या लीगमध्ये माझं काम एकच, टाइमटेबल लावणं. ऐकायला सोपं वाटते पण करून पाहा. टीव्हीवर जी लीग दिसते तिच्या तारखा महिने महिने आधी ठरलेल्या असतात, आमच्या तारखा पीक ठरवते, आणि पीक कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

म्हणजे असं बघा. मृग लागला की पेरणी, तेव्हा कोणाला फोनसुद्धा करायचा नाही. मग डवरणी, निंदण, खत. पोळा झाला, तान्हा पोळा झाला की जरा उसंत मिळते, सोयाबीन सोंगणीला येईपर्यंत मधले जे काही आठवडे हाती लागतात त्यात आम्ही पहिली फेरी कशीबशी काढतो. ऑक्टोबर आला की सोयाबीन, मळणी, लगेच चण्याची पेरणी, तिकडे संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आलेला, दिवाळी कधी आली कधी गेली पत्ता लागत नाही आणि तोवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पांढरी झालेली असते. कापसाच्या वेचणीत आख्खं गाव वावरात. म्हणून मी नोव्हेंबर-डिसेंबरात एकही सामना लावत नाही, सेमीफायनल थेट संक्रांतीनंतर. फेब्रुवारी संपता संपता फायनल झाली पाहिजे कारण पुढं गहू काढणीला येते, मृग बहाराचा संत्रा असते, मग लग्नसराई, आणि मे महिन्यात तर ४५ डिग्रीत फुटबॉल खेळा असं कोणाला म्हणायची हिंमत माझ्यात नाही.

एवढं सगळं असून हा खेळ टिकला कसा, तर माझं मत असं की टिकला तो चाळीस मिनिटांमुळे. क्रिकेटच्या टूर्नामेंटला रविवार जाते आख्खा. फुटबॉलमध्ये पोट्टा सकाळी म्हशीचं दूध काढून डेअरीवर घालते, येते, मॅच खेळते, नऊच्या आत परत वावरात. आमचा एक लेफ्ट बॅक आहे, चाळिशी पार केलेला, पाच एकर कोरडवाहू, तो मॅचला येताना विळा घेऊन येते आणि गोलपोस्टमागं ठेवते, परत जाताना बैलांसाठी गवत कापत जाते. मॅच हरो की जिंको, गवताचा भारा तेवढाच.

सुरुवात कशी झाली ते सांगतो, त्यात सरकारचा हात आहे हे ऐकून लोक हसतात. २०१७ च्या ऑक्टोबरात अंडर-१७ वर्ल्डकप भारतात झाला, नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवरही सामने होते. त्याच्या आधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलं फुटबॉल खेळतील असा मोठा कार्यक्रम सरकारनं ठेवला आणि त्यासाठी शाळांना फुटबॉल वाटले. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही आले. एक दिवस फोटो झाले आणि मग नेहमीप्रमाणे बॉल कपाटात गेले असते, पण आमचे सर वेगळे निघाले, त्यांनी कपाटाला कुलूपच लावलं नाही. शाळा सुटल्यावर पोट्टे बॉल घेऊन थेट आखरावर, म्हणजे गावची गुरं जिथं गोळा होतात त्या मोकळ्या जागेवर. गुरं सकाळीच चरायला गेलेली, आखर मोकळा. तीच आमची पहिली ग्राऊंड आणि अजूनही तीच आहे, शेणासकट.

त्याच महिन्या-दोन महिन्यात तिकडे यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली, वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, आठवत असेल. आमच्याकडेही घबराट होती. त्यातून लीगचा एक नियम आला जो जगातल्या कुठल्या रूलबुकात नसेल: ज्यानं आज फवारणी केली तो आज खेळणार नाही, अंघोळ करून आला तरी नाही. अंगाला, कपड्याला औषध लागलेलं असते, त्यात दुपारचं ऊन, वरून धावायचं, कशाला? सप्टेंबरच्या फेरीत त्यामुळे कधी कधी टीममध्ये पाचच जण उभे राहतात. मग समोरच्यांनीही पाचच खेळवायचे, हे आपसात ठरलेलं आहे, लिहिलेलं कुठं नाही.

ग्राऊंडबद्दल बोलायलाच पाहिजे. काळी माती ही कापसाला सोनं आहे पण फुटबॉलला शिक्षा. पाऊस पडला की पायाला ढेकळं चिकटतात, बूट दुप्पट जड. नियमानं बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा पाहिजे, आमचा हाफटाइमपर्यंत किती होतो ते कोणी मोजलं नाही पण हेडर मारायला कोणी पुढं येत नाही एवढं खरं. पाऊस गेला की तीच माती वाळून अशा भेगा पडतात की घोटा आत जाईल. जानेवारीत मग ट्रॅक्टरला पाटा बांधून फिरवतो, भेगा बुजवतो, चुन्यानं लाईन मारतो. गोलपोस्ट बांबूचे, जाळी म्हणजे संत्र्याच्या रोपवाटिकेतली जुनी शेडनेट. आणि सराटे! सराटे आणि बाभळीचे काटे यांनी आमचे जेवढे बॉल फोडले तेवढे गोल आम्ही मारले नसतील. मॅचच्या आधी दोन्ही टीमनं एका रांगेत चालत आख्खं ग्राऊंड वेचायचं, हा वॉर्मअप.

पण माझी खरी डोकेदुखी लाईनची. लाईन म्हणजे वीज. शेतीच्या पंपाला तीन फेजची लाईन दिवसा असली तर आठ तास, रात्री असली तर दहा तास, आणि हे आलटून-पालटून. ज्या गावाला त्या आठवड्यात रात्रीची लाईन, तिथले पोट्टे रात्रभर गव्हाचं नाहीतर चण्याचं ओलित करतात, थंडीत पाण्यात उभं राहून दांड (पाण्याचे पाट) फोडतात, वरून बिबट्याची भीती, हातात टॉर्च आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणी. आणि सकाळी सात वाजता त्यांना मी म्हणायचं की ये, मॅच आहे. आले तरी उभ्या उभ्या झोपतात. एकदा पेनल्टी होती, रेफरीनं शिट्टी मारली आणि मारणारा जागचा हललाच नाही, सगळे ओरडून राहिले, "अबे मार ना बे!" तेव्हापासून मी फिक्श्चर लावताना आधी कोणत्या गावाचं कोणतं फीडर (गावाला वीज देणारी वाहिनी), कोणाची रात्रपाळी, हे बघतो. माझ्या फोनमध्ये सामन्यांच्या टाइमटेबलच्या वर लाईनचं टाइमटेबल सेव्ह आहे. आता काही फीडर सोलरवर गेले, तिथं दिवसा लाईन मिळते, झोप होते ही मोठी गोष्ट, पण मग रविवारी दुपारी कोणी येत नाही कारण लाईन असताना मोटार सोडून कोण येईल.

पैशाचं थोडक्यात. एंट्री फी गावामागे, जर्सी कृषी केंद्रवाले देतात, म्हणून आमच्या फॉरवर्डच्या पाठीवर नंबर लहान आणि बियाण्याच्या कंपनीचं नाव मोठं. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं, त्या वर्षी एंट्री फी मागायला मला लाज वाटली, उधारीवर लीग चालवली. बक्षीस म्हणून शिल्ड, थोडे पैसे आणि बेस्ट प्लेअरला बॅटरीचा फवारणी पंप. हसू नका, त्या पंपासाठी जेवढी मारामारी होते तेवढी शिल्डसाठी होत नाही.

आता शहराकडे येऊ. नागपूरला फुटबॉल नवीन नाही. कामठीला १८२१ पासून छावणी आहे आणि फुटबॉलचं वेड तिथं पिढ्यानपिढ्यांचं, रब्बानी क्लबचं नाव आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनाही माहीत आहे. नागपुरात विजय बारसे सरांनी, हिस्लॉप कॉलेजचे ते क्रीडा शिक्षक, पावसात बादलीला लाथा मारत खेळणारी वस्तीतली पोरं पाहिली आणि त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली, इथली मुलं बेघरांच्या होमलेस वर्ल्डकपपर्यंत गेली, २०१६ ला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. हे सगळं भारीच आहे, अभिमान वाटतो. पण मला कधी कधी वाटते की शहरातल्या गरीब पोराला निदान ग्राऊंडपर्यंत चालत जाता येते. आमच्या पोट्ट्याला आधी एसटी पकडावी लागते आणि एसटीच्या आधी बापाची परवानगी, आणि परवानगी कापूस घरात आल्याशिवाय मिळत नाही.

मागं एका अकॅडमीची ट्रायल होती, नाव घेत नाही. आमचे दोन पोट्टे खरंच त्या लायकीचे, एक तर असा डावखुरा की कॉर्नर थेट गोलमध्ये वळवते. ट्रायल कधी ठेवली, तर ऑक्टोबरच्या मधात, सोंगणीच्या ऐन भरात. मी फोन करून विचारलं की सर थोडं पुढं ढकलता येईल का, तर उत्तर आलं की सिरियस प्लेअर असेल तर येईलच. त्या दिवशी तो सिरियस प्लेअर थ्रेशरवर होता. आभाळ भरून आलं होतं, शेंगा वावरात पडल्या होत्या, त्यानं काय करायचं होतं? मी तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगतो, गावातला खेळाडू पाहिजे असेल तर जानेवारीत या. बाकी काही बदलू नका, फक्त तारीख बदला. अजून कोणी बदलली नाही.

पोरींचं वेगळंच. दोन गावांत पोरींची टीम आहे आणि खरं सांगतो, पोट्ट्यांपेक्षा पासिंग चांगलं आहे त्यांचं, पोट्ट्यांना सगळ्यांनाच गोल मारायचा असतो. पण कापूस वेचायचं काम मुख्यतः बायांचं, मजुरी किलोवर, त्यामुळे शाळेला सुट्टी म्हणजे पोरीसाठी वेचणीचा दिवस. दिवसभर वाकून वेचलं, कंबर धरली, बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडली, की संध्याकाळी प्रॅक्टिसला कोण येणार. आणि बारावीनंतर स्थळं सुरू. एक गोलकीपर होती, तिच्या आईनं मला सरळ विचारलं, "भाऊ, हे खेळून तिले भेटन काय?" मी पोलीस भरती म्हणालो. ग्राऊंड असते भरतीत, धावायचं असते, हे खोटं नाही. ते ऐकून काकूंनी दोन वर्षं दिली. आता पोट्ट्यांचे बापही तेच विचारतात आणि मी तेच सांगतो.

आता या वर्षीचा वाद, जो अजून मिटलेला नाही. आमच्या लीगचा सगळ्यात भारी स्ट्रायकर हा सालदार आहे. सालदाराचं साल गुढीपाडव्याला ठरते हे गावाकडच्यांना सांगायला नको, पाडव्याला मालक आणि गडी बसतात, पैसे किती, धान्य किती, कपडे किती हे ठरते आणि वर्षभर तो त्या वाड्यावर. तर हा पठ्ठ्या तीन गावांत साल करून बसला आहे आणि जिथं साल तिथून खेळतो. त्याचं साल गेल्या पाडव्याला शेजारच्या गावात ठरलं आणि त्यांनी आम्हाला सेमीफायनलला चार गोल घातले, त्यातले तीन त्याचे. आमच्या गावातले म्हणतात त्याचं घर इथं, राशन कार्ड इथं, मतदान इथं, तर खेळणार पण इथूनच. शेजारच्या गावातले म्हणतात, तो जेवते कोणाकडे? आमच्याकडे. तो स्वतः काहीच म्हणत नाही, तंबाखू मळत हसते. आणि आता यात मालक लोक उतरलेत. एका मालकानं म्हणे त्याला पुढच्या सालासाठी दहा हजार जास्त देऊ केले, वरवर कारण हे की बैलजोडी चांगली सांभाळते. बैलजोडी! त्या माणसाकडे ट्रॅक्टर आहे, बैल त्यानं केव्हाच विकले.

मला विचाराल तर जाऊ द्या त्याला, त्याच्या मेहनतीचे चार पैसे फुटबॉलमुळे वाढत असतील तर यापेक्षा चांगलं काय. पण ग्रुपवर असं लिहिलं तर आमच्याच गावातले मला बाहेर काढतील. त्यामुळे मीटिंग ठेवली आहे, सगळ्या गावांचे कॅप्टन, सर, आणि दोन-तीन मालकही येतो म्हणून राहिले. सालदारानं कुठून खेळायचं याचा नियम तिथं ठरेल. नाही ठरला तर पाडवा आहेच.